जोमा तांडेलाचा बावटा

मंडळी, ऐका! आज आधी एक प्रश्न टाकतो, मग गोष्ट. प्रश्न अगदी साधा आहे — तुम्ही कोण?

हसू नका! खरंच विचारतोय. नाव सांगाल, गाव सांगाल, धंदा सांगाल. आणि आजकाल तर तोंडानं सांगावंही लागत नाही! येताना चौकात फ्लेक्स बघितला ना? हा एवढा चेहरा, डोळ्यांवर गॉगल, खाली लिहिलंय — 'धडाडीचे नेतृत्व'! ते धडाडीचं नेतृत्व खालीच उभं होतं, शेजारी त्याची आई. मी म्हटलं, माउली, नशीबवान आहात, काय पोरगा काढलाय! ती म्हणाली, "महाराज, कसलं काय! अजून पाल दिसली की खाटेवर चढतोय!"

हसलात! हसा. पण ती पाल प्रत्येकाच्या घरात आहे, हे विसरू नका.

परवा एक तरुण भेटायला आला. शहरात शिकलेला, गुणी पोरगा. म्हणाला, "महाराज, तुम्ही तुमचा ब्रँड तयार करा." मी म्हटलं, बाळा, चहापत्तीचा ब्रँड ऐकलाय, माणसाचा ब्रँड म्हणजे काय? म्हणाला, "तुमचं नाव काढलं की लोकांना जे आठवतं, ते!" मी म्हटलं, बरं. आणि मी एकटा बसलो की मला माझ्याबद्दल जे आठवतं, त्याला काय म्हणतात? पोरगा चहा ढवळायला लागला! निवेपर्यंत ढवळला!

तर मंडळी, एक ओळख बाहेरची आणि एक ओळख आतली. दोन्ही जुळल्या तर माणूस रात्री सुखानं झोपतो. आणि नाही जुळल्या तर? तर काय होतं, त्याचं आख्यान आज लावतो. आधीच सांगून ठेवतो — आज हसवणं कमी आहे. लहान मुलं असतील त्यांना मांडीवर घ्या. आणि बापू, पेटी जरा हळू धरा, आज मोठा आवाज दर्याचा आहे!

कोकणात दांडवली नावाचं एक गाव. कोळ्यांचं. इंजिनं आली नव्हती तेव्हाची गोष्ट. होडीला शीड, पोटाला मासळी आणि डोक्यावर देव, एवढ्यावर गाव चालायचं. पावसाळ्यात होड्या वाळूवर ओढून ठेवायच्या. नारळी पौर्णिमेला दर्याला नारळ द्यायचा आणि दुसऱ्या दिवशी सकाळी समुद्रात उतरायचं. सगळ्या कोळीवाड्यांत हेच असतं. पण दांडवलीची एक रीत निराळी होती, ती लक्षात ठेवा.

त्या गावात एक मानाचा बावटा होता. बावटा म्हणजे निशाण. लाल कापड, मधोमध पांढरा मासा शिवलेला. गावात जो सगळ्यांत निधड्या छातीचा तांडेल, म्हणजे होडीचा प्रमुख, त्याच्या डोलकाठीवर तो बावटा लागायचा. हंगामाच्या पहिल्या दिवशी त्या बावट्याची होडी सर्वांत पुढे! तिच्या आधी कोणी पाण्यात उतरायचं नाही. आणि — हे महत्त्वाचं! — तो बावटा खाली उतरल्याशिवाय कोणी माघारी फिरायचं नाही. फिरला तर? तर त्याच्या घरच्या बायका पाण्याला गेल्या की बाकीच्या बायका घागरी उचलून बाजूला व्हायच्या. शिव्या नाहीत, मारणं नाही. नुसतं बाजूला व्हायचं! सांगा, मारलेलं परवडलं की नाही?

आणि आमच्या गोष्टीच्या वेळी तो बावटा होता जोमा तांडेलाच्या होडीवर.

काय त्याचा दबदबा! जोमा चालला की पोरं खेळ थांबवायची. लग्नात पहिला विडा जोमाला! बाळाचं नाव ठेवायचं, बोलवा जोमाला — त्याचा हात लागला की पोर धीट होतं! आणि पहिल्या दिवशी होडी लोटायच्या आधी जोमा एकटाच खडकांच्या पलीकडे जायचा. थोड्या वेळानं तोंड पुसत यायचा. लोक हात जोडून कुजबुजायचे, "तांडेल दर्याशी बोलायला गेला होता!"

मंडळी, खडकांमागे तो काय करायचा, सांगू?

ओकायचा! भीतीनं! पाण्याचा वास आला की त्याच्या पोटात गोळा उठायचा. गावातला सगळ्यांत निधडा माणूस! आणि त्याला तो समुद्र डोळ्यांसमोर नको असायचा. अहो, घरात निजला तरी लाटांकडे पाठ करून निजायचा. बायकोला सांगायचा, त्या कुशीवर दुखतं.

असं का? त्यासाठी मागे जाऊ.

खूप वर्षांपूर्वी जोमा आणि धर्मा, दोघे जिवाभावाचे मित्र, एका लहान होडीत दोघंच मासे धरायला गेले. मध्येच दर्या फिरला. सकाळी निळा होता तो दुपारी काळा झाला! लाटा अशा, की होडी वर गेली की आभाळ आणि खाली आली की नुसत्या पाण्याच्या भिंती! जोमानं हे बघितलं आणि त्याच्या काळजाचं पाणी झालं. होडीच्या पुढच्या अंगाला फळ्यांखाली जाळी ठेवायची जागा असते. जोमा त्या फळ्यांखाली शिरला. जाळ्यात तोंड खुपसलं, कानांवर हात दाबले, डोळे मिटले. आणि तो संध्याकाळपर्यंत बाहेर आला नाही.

सुकाणू कुणी धरलं? धर्मानं! एकट्यानं! शीड फाटलं, हाताची सालटं निघाली, पण त्या गड्यानं होडी खाडीच्या तोंडापर्यंत आणली. गाव दिसलं. देऊळ दिसलं. आणि तिथं — खडकावरून उलटलेली एक लाट आडवी आली आणि धर्माला घेऊन गेली. होडी तशीच ढकलली गेली आणि वाळूला लागली.

वाळू घासल्याचा आवाज आला तेव्हा जोमा फळ्यांखालून निघाला. उभं राहवेना! आधार पाहिजे म्हणून त्यानं काय धरलं असेल? सुकाणूचा दांडा! आणि नेमकं त्याच क्षणी गाव धावत आलं. गावानं काय बघितलं? फाटलेलं शीड, पाण्यानं भरलेली होडी आणि सुकाणू धरून उभा असलेला जोमा!

"जोमानं आणली! अशा दर्यातून जोमानं होडी आणली!"

आता बघा हं, जोमा अजून एक शब्द बोललेला नाही! लोकच बोलताहेत. पण मग गावच्या पाटलानं विचारलं, "आणि धर्मा? धर्मा खय र्‍हायला?" बोलायची वेळ होती ती! एवढीशी! पण समोर सगळं गाव, सगळ्यांच्या डोळ्यांत कौतुक... आणि जोमाच्या तोंडून निघालं —

"धर्मा फळ्यांखाली होता. भ्याला होता. घाबरून बाहेर आला न् लाटंत गेला."

अरे रे रे! मंडळी, चोरी कशाची केली बघा! दागिना नाही चोरला, जमीन नाही चोरली. मेलेल्या मित्राचा पराक्रम स्वतः घेतला आणि स्वतःची भीती त्या मेलेल्या माणसाच्या गळ्यात बांधली! तो काय परत येऊन सांगणार होता?

बावटा आला जोमाच्या डोलकाठीवर. आणि घागरी कुणापासून बाजूला झाल्या? धर्माच्या बायकोपासून. तिचं नाव बायजा. पदरात तान्हा मुलगा, हिराजी. ती विहिरीवर आली की बायका बाजूला. हिराजी मोठा होऊ लागला तसा पोरांनी त्याला नाव ठेवलं — भित्र्याचा! खेळात घ्यायचे नाहीत. "तू फळ्यांखाली बस जा!" असं म्हणायचे.

हे सगळं जोमाच्या डोळ्यांदेखत चाललं होतं. रोज! त्याला वाटायचं, सांगून टाकावं. पण मग पाय मागे. गेल्या वर्षी सांगितलं असतं तर बरं होतं, आता कसं सांगू? आणि पुढच्या वर्षी पुन्हा तेच! तुम्हाला ठाऊक आहे हे. लपवलेली गोष्ट शिळी झाली की आणखीच उघडवत नाही. म्हणून आमचं एक वेडंवाकडं कवन आहे, टाळ धरा —

जन म्हणे शूर । मन म्हणे भ्याड ।
दोहींचिया आड । जीव कोंडे ॥
लोकांचे ते बोल । अंगावरी ल्यालो ।
उघडाच झालो । माझा मला ॥

आता ऐका. हिराजी तरणाताठा झाला. नारळी पौर्णिमेच्या दिवशी, दर्याला नारळ देऊन सगळे परतत असताना, बायजा पोराला घेऊन जोमाच्या दारात उभी राहिली. कधी कुणाकडे काही मागितलं नव्हतं त्या बाईनं.

"जोमा भाऊ, एक मागनं हाय. ह्याला उद्या तुझ्या होडीवर घे."

जोमा उंबऱ्यावरून मागे सरला. "माझ्या होडीवर? कशाला गो?"

"मानाच्या होडीवर पहिल्या दिवशी गेला तर लोक बापासचं विसरतील. तुझ्या बावट्याखाली गेला की कोण बोलंल त्याला?" आणि ती हात जोडून म्हणाली, "बापासनं तोंड काळं केलं. तू तेवढं पुसून दे."

सांगा, जोमानं काय म्हणावं? नाही म्हणायला तोंड होतं? तो घेतो म्हणाला. आणि दार लावून भिंतीला टेकून बसला. त्याला वाटलं, धर्माच आला, आपल्याला न्यायला.

दुसऱ्या दिवशी सकाळ झाली. वाजतगाजत होड्या लोटल्या. पुढे जोमाची, तिच्यात दोघंच — सुकाणूवर हिराजी, शिडाशी जोमा. मागून साऱ्या गावाच्या होड्या. किनाऱ्यावर बायका. ऊन पडलेलं, पाणी शांत. इतकं शांत की जोमाला ते आवडलं नाही.

हळूहळू वारा पडला. शीड लोंबायला लागलं, म्हणून सगळ्यांनी वल्ही मारायला घेतली. आणि वारा नसताना, मंडळी, लाट यायला लागली! लांबलचक, संथ, तेलकट लाट, पार क्षितिजाकडून. ज्यांनी दर्या बघितलाय त्यांना विचारा. वाऱ्याबरोबर आलेल्या लाटेला कोळी भीत नाही. वारा नसताना आलेली लाट सांगते, मी वादळाच्या पुढं धावत आलेय, मागून ते येतंय! आभाळाची कड तांब्यासारखी झाली. पाखरं, जी समुद्राकडे जायला हवीत, ती डोक्यावरून जमिनीकडे निघाली. एकही ओरडत नव्हतं.

जोमाला सगळं कळलं. त्या एका दिवसाची ओळख त्याच्या हाडांत होती! हेच तेव्हा झालं होतं. अगदी असंच. त्यानं मागे वळून बघितलं. सगळ्या होड्या येत होत्या. एकही फिरत नव्हती!

का फिरत नव्हती? आंधळे होते का ते कोळी? पिढ्यान् पिढ्या समुद्रावर जगलेली माणसं! प्रत्येक तांडेलाला ती लाट दिसत होती. प्रत्येकाला माघारी फिरावंसं वाटत होतं. पण प्रत्येक जण पुढच्या बावट्याकडे बघत होता — जोमा चाललाय ना, मग ठीक असेल! आणि जोमा काय म्हणत होता? एवढे सगळे माझ्या मागे येताहेत, मी कसा फिरू!

घ्या! तो त्यांच्याकडे बघतोय, ते त्याच्याकडे बघताहेत, आणि आभाळाकडे कुणीच बघत नाही! सगळं गाव एका कापडाच्या मागून मरायला चाललंय!

शेवटी जोमाचा धीर सुटला. "हिराजी, होडी फिरव!"

हिराजी हसला. "काका, परीक्षा घेतो काय माझी?"

"परीक्षा नाय रे! फिरव! बावटा उतरवतो मी!"

तो डोलकाठीकडे वळला तसा हिराजी उभा राहिला. सुकाणू मांड्यांमध्ये दाबलं आणि जोमाचं मनगट पकडलं. काय पकड होती! "बावट्याला हात लावायचा नाय, काका! आज बावटा उतरला तर लोक काय म्हणतील? भित्र्याचं पोर होडीत घेतलं न् मानाचा बावटा उतरला! माझी आई विहिरीवर परत तोंड दाखवंल काय? मेलो तरी चालंल. मी मागं नाय फिरणार!"

"अरे, मरशील!"

"मग तसंच म्हणतील ना — भित्र्याचा पोर, पण फिरला नाय!"

मंडळी, बघा हा खेळ! जोमानं त्या दिवशी वाळूवर बोललेलं खोटं, ते आता सुकाणू धरून बसलंय! ते होडी फिरवू देत नाही! आणि दूर क्षितिजाशी काळी रेघ उमटली. जोमानं ती बघितली. त्याला दिसलं की ह्या पोराला फिरवायला आता एकच गोष्ट आहे. आणि ती सांगितली तर? होडीत दोघंच. भोवती पाणी. ह्या पोरानं एक धक्का दिला तर मागच्यांना एवढ्या लांबून कळणार नाही, आणि विचारलं तर सांगेल, काका घाबरून पडले! जोमाला हे सगळं एका क्षणात दिसलं. तो दोन मरणांच्या मध्ये उभा होता.

आणि तो बोलला.

"हिराजी, तुझा बापूस भ्याला नव्हता. फळ्यांखाली मी होतो."

हिराजीला कळलंच नाही. "काय?"

"सुकाणू धर्माच्या हातात होतं. शेवटपर्यंत. होडी त्यानं आणली. मी जाळ्यात तोंड घालून पडलो होतो. वाळू लागल्यावर मी बाहेर आलो. मी खोटं बोललो रे. तुझ्या बापासच्या अंगावर मी माझी भीती टाकली."

लाट आली, होडी उचलली गेली, खाली आली. हिराजीनं मनगट सोडलं. तो जोमाकडे बघत राहिला — असा, की जोमाला वाटलं, आता! आता हा हात उगारणार! त्यानं डोळे मिटून घेतले.

मग हिराजीचा आवाज आला. "आईला ठाऊक हाय हे?"

"नाय."

"बावटा उतरव," हिराजी म्हणाला. आणि त्यानं सुकाणू फिरवलं.

जोमाला दोराची गाठ सुटेना! दातांनी सोडली त्यानं. बावटा खाली आला. आणि मागे काय झालं? लोक हसले? ओरडले? छे! बावटा खाली येताक्षणी सगळ्या होड्या एकदम फिरल्या! जणू सगळे त्याचीच वाट बघत होते. होतेच बघत!

मग वादळ आलं. मी वर्णन करत बसत नाही, तुम्ही पावसाळे बघितले आहेत. एवढंच सांगतो, दिवसाढवळ्या अंधारून आलं आणि शेजारची होडी दिसेनाशी झाली. सुकाणूवर धर्माचा मुलगा होता. आणि फळ्या, मंडळी, तसल्याच फळ्या, जोमाच्या पायाशी होत्या. खाली जाळी होती. शिरायला जागा होती. जोमा भीत होता का? भीत होता! "मी भितोय रे! लय भितोय!" असा मोठ्यानं ओरडत होता! आणि हिराजी वरून ओरडत होता, "भ्या काका, पण पाणी उपसा! उपसा!" तो उपसत राहिला. खाडीच्या तोंडाशी, जिथं धर्मा गेला होता, तिथं त्याचा श्वास अडकला. पण हात थांबला नाही.

एक एक होडी आत आली. शेवटची एक येईना. बायका पदर चावत पावसात उभ्या. सगळ्यांनी आशा सोडली तेव्हा ती आली, डोलकाठी मोडलेली, पण माणसांसकट. गाव वाचलं!

सगळे पळत गावदेवीच्या देवळात शिरले. बाहेर पाऊस कोसळतोय, आत ओली माणसं एकमेकांना मिठ्या मारताहेत. आणि पाटलांनी जोमाला उचलून उंच ओट्यावर उभं केलं!

"बघितला काय आपला जोमा! वारा नसताना ह्यानं वादळ वळखलं! दर्या ह्याच्या कानात बोलतो!"

"जोमा तांडेलाचा जय!"

बापू, पेटी बंद करा. मृदंगही नको. इथं शांत राहा.

खरी परीक्षा आत्ता आली. समुद्रात मरण समोर होतं, तिथं खरं बोलायला मरणानंच भाग पाडलं. पण इथं? इथं कुणी भाग पाडत नाहीये! उलट लोकच नवं नाव घेऊन उभे आहेत, जुन्यापेक्षा मोठं! आधी शूर होता, आता सिद्धपुरुष झाला! गप्प राहायचं होतं फक्त. एकटा हिराजी जाणत होता, आणि तो खांबाला टेकून उभा होता. नुसता बघत होता.

आणि तेवढ्यात गर्दीतून बायजा आली. तिनं वाकून जोमाच्या पायांवर डोकं ठेवलं. "माझ्या पोराला आणलास, भाऊ," ती म्हणाली. "त्याच्या बापासला जे जमलं नाय..."

"नको! नको गो!" जोमा असा ओरडला की देवळातली लहान मुलं दचकली. तो ओट्यावरून खाली उतरला. आणि त्यानं सगळं सांगितलं. फळ्या. जाळी. कानांवरचे हात. सुकाणूचा दांडा आधारासाठी धरला तेही. आज बावटा उतरवला तोही शहाणपणानं नाही, भीतीनं, हेसुद्धा सांगितलं.

पाटलांनी मान खाली घातली. विहिरीवर घागरी बाजूला घेणाऱ्या त्या सगळ्या बायका — एकही बायजाकडे बघेना!

बायजा रडली नाही. ती म्हणाली, "एकच सांग. तो शेवटाला काय बोलला?"

हे जोमानं अजून सांगितलं नव्हतं. हे त्यानं हिराजीलाही सांगितलं नव्हतं. तो खाली बसला.

"त्यानं हाक मारली होती. कान दाबले तरी ऐकू आली. म्हणाला, 'जोमा, मला लय भ्या वाटतंय रे. वर येऊ नको. तू नुसता बोलत ऱ्हा माझ्याशी.'"

"मग?"

"मी बोललो नाय."

मंडळी... तो शूर माणूसही भीत होता! हात सुकाणूवर आणि पोटात तीच भीती! फक्त त्यानं ती लपवली नाही. आणि त्याला काय पाहिजे होतं? मदत? नाही हो. सोबतीचे दोन शब्द!

बायजा जोमासमोर जमिनीवर बसली. "मग आता बोल," ती म्हणाली. "सकाळपासूनचं बोल. तो काय खाऊन निघाला, काय म्हणाला, कसा उभा होता. एक अक्षर सोडू नको."

आणि जोमा बोलत राहिला. पाऊस थांबेपर्यंत बोलत राहिला. हिराजी आईशेजारी येऊन बसला आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यानं आपल्या बापाची गोष्ट ऐकली.

तुम्ही विचाराल, बायजानं माफ केलं का? नाही केलं. मी खोटं कशाला सांगू! त्यानंतर ती त्याच्या दारात कधी गेली नाही. मानाचा बावटा गेला हिराजीकडे. जोमाला पहिला विडा बंद, नाव ठेवायला बोलावणं बंद, त्याच्या होडीवर कोणी पाय ठेवेना. विहिरीवर आता त्याच्या बायकोपासून घागरी बाजूला व्हायला लागल्या, तेव्हा बायजा स्वतः तिच्याजवळ घागर ठेवून उभी राहिली. म्हणाली, "ही रीत आता पुरं झाली." तेवढं तिनं केलं.

पुढची नारळी पौर्णिमा झाली. सकाळी होड्या तयार. जोमा खडकांमागे गेला, तोंड पुसत बाहेर आला. आता सगळ्यांना ठाऊक होतं तो तिथं काय करतो! आणि काय झालं? हिराजी, मानाचा तांडेल, बावटा लावायच्या आधी चालत त्याच्याकडे गेला. सगळं गाव बघतंय.

"काका, आज भ्या वाटतंय काय?"

"वाटतंय तर!"

"किती?"

जोमानं पाण्याकडे बघितलं, वारा हुंगला, स्वतःच्या पोटावर हात ठेवला. "रोजच्याएवढंच."

"मग लोटा रे होड्या!"

तेव्हापासून दांडवलीत ती चाल पडली. आधी जोमाला विचारायचं. रोजच्याएवढंच म्हणाला तर जायचं. आज जरा जास्त म्हणाला, की निमूटपणे होड्या वाळूवर! मोठमोठे छातीठोक तांडेल त्याच्या शब्दावर थांबायचे. कारण तो एक माणूस असा होता, जो स्वतःच्या पोटातलं जसंच्या तसं सांगायचा. लोकांनी त्याचं नाव ठेवलं 'भित्रा जोमा'. चारचौघांत, मोठ्यानं हाक मारायचे. आणि जोमा चटकन वळून 'ओ' द्यायचा. इतकी वर्षं लोक शूर जोमाला हाक मारत होते, तेव्हा त्याला वाटायचं दुसऱ्याच कुणाला बोलावताहेत. आता त्याला बोलावत होते.

तर बोला मंडळी, आता तुमची पाळी! घाबरू नका, नावं घेणार नाही! पण मी इथून बघतोय हं. कोणी दुसऱ्याच्या कष्टाचं सुकाणू धरून फोटो काढलाय? कोणी आपली चूक सुनेच्या, भावाच्या, मेलेल्या बापाच्या गळ्यात बांधलीय? कोण असा आहे, की सगळे माझ्या मागे येताहेत म्हणून फिरत नाही? आणि कोण असा, की पुढचा चाललाय म्हणून फिरत नाही? त्या शहरातल्या पोराला मी सांगितलं, बाळा, ब्रँड जरूर कर. पण आधी एकटा बस आणि पोटावर हात ठेव. तिथं जे सापडेल ते बाहेर लिही. पाल दिसली की खाटेवर चढत असशील तर तेही लिही!

आता टाळ वाजतील, आरती होईल, प्रसाद घेऊन सगळे घरी जाल. उद्या कुणीतरी तुमची स्तुती करेल. करू द्या. पण त्या क्षणी आत बसलेल्या माणसाकडे एकदा बघा. तो मान वर करून ऐकतोय, की फळ्यांखाली शिरतोय?

शिरत असेल तर त्याच्याशी बोला, मंडळी. आत्ता बोला. जमिनीवर आहात तोवर बोला.